पाठीवर ‘खोपोली’ लिहिलेला संत

कागद तपासणं हे माझं काम होतं. खोपोलीच्या बाजूला एका कागद कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरीची सगळी वर्षं काढली. कागद किती ताणला की फाटतो, किती पाणी पितो, उजेडासमोर धरला तर आत गुठळ्या दिसतात का, हे बघायचं आणि माल पास करायचा किंवा परत पाठवायचा. कारखाना बंद झाला तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, म्हणून दुसरीकडे कुठे गेले नाही. कर्जतला दहिवलीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरात आई होती. माझं लग्न झालेलं नव्हतं. तो विषय आईने फार पूर्वीच काढायचा सोडला होता. मग आईही गेली.

आई गेल्यानंतरची एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. आवाज वापरला नाही की तो गंजतो. सकाळी उठून चहा, पेपर, स्वयंपाक सगळं उरकलेलं असायचं, आणि दुपारी दारावर कोणी आलं की मी “कोण?” म्हणायचे. तो शब्द घशातून खरखरत बाहेर यायचा. तेव्हा लक्षात यायचं की आजचा हा पहिलाच शब्द.

त्या दिवसांत मी मोबाइलवर जुन्या कागदांबद्दल वाचत बसायचे. युरोपात चार-पाचशे वर्षांपूर्वी चिंध्या कुजवून, कुटून, चाळणीवर गाळून हाताने कागद करत. एका जाहिरातीत असा एक कागद खिडकीच्या काचेवर धरून फोटो काढला होता. उजेडात त्याच्या पोटात बैलाचं डोकं दिसत होतं. ती कागद करणाऱ्याची खूण, वॉटरमार्क. त्या कागदावर काहीतरी चित्र छापलेलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मला तो कागद बोटांत धरून बघायचा होता. विकणारा मुंबईतलाच निघाला. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याचं दुकान होतं. मी जाऊन घेऊन आले.

चित्र नीट पाहिलं ते घरी आल्यावर. एक तरुण मुलगी, डोक्यामागे प्रभावळ, शेजारी मोडकं चाक. ती ख्रिस्ती धर्मातली कोणी संत होती. तिला चाकावर बांधून मारायचं ठरलं होतं आणि चाकच मोडलं. मला हवा होता कागद. संत त्याच्यासोबत घरात आली.

त्यानंतर मी अशी चित्रं घ्यायला लागले. प्रबोधनकाळातले कारागीर तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरायचे, त्या रेघांत शाई भरायचे आणि वर ओलसर कागद ठेवून तो दाबून काढायचे. काही चित्रं खेळायच्या पत्त्याएवढी लहान असतात. नावाजलेल्या कलावंतांची मला परवडण्यासारखी नव्हती. ज्यांचं नावसुद्धा आज धड माहीत नाही अशांची मिळायची. ताटलीत स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली बाई, बाण घुसलेला तरुण, सिंहाशेजारी वाचत बसलेला म्हातारा. कर्जतच्या पावसात कागद टिकवणं सोपं नाही. दमट हवेत त्यावर लगेच बुरशीचे ठिपके येतात. मी चित्रं लोखंडी कपाटात, औषधांच्या डब्यांत असतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायचे आणि पावसाळाभर सहसा उघडायचे नाही.

शेजारच्या वहिनींनी एकदा ती टेबलावर पसरलेली पाहिली. एक उचलून म्हणाल्या, “तुम्ही तिकडे जायला लागलात का हो?”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“चर्चला.”

मी हसले. पण नंतर त्या पूर्वीइतक्या येईनाशा झाल्या. हळदीकुंकवाला बोलावलं मात्र त्यांनी.

हळूहळू मला चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त आवडायला लागली. जुने संग्राहक कागदाच्या पाठीवर आपला बारीकसा शिक्का उठवत. कुठे गोलात दोन अक्षरं, कुठे छोटासा पक्षी. एका चित्राच्या पाठीवर असे तीन-तीन मालक सापडतात. ते कोण, कुठले, त्यांच्याकडून चित्र पुढे कोणाकडे गेलं, हे मी शोधायचे. दिवस कसे जायचे कळायचं नाही. पानाच्या आकारातल्या एका शिक्क्याबद्दल मी तिकडच्या एका संग्रहालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. पुष्कळ दिवसांनी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. तो शिक्का नदीकाठच्या एका लहान गावातल्या औषधविक्याचा होता. तो फक्त संतांची चित्रं जमवायचा आणि वनौषधींच्या खणांतच ठेवायचा. मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर सगळं विकलं गेलं. मी ते वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. मग त्या चित्राचा वास घेऊन पाहिला. औषधाचा वगैरे काही नव्हता.

अशातच फोर्टमधल्या दुकानातून एक चित्र आणलं. एक दाढीवाला प्रवासी झाडाखाली उभा आहे, हातात काठी. अंगरखा वर उचलून मांडीवरची जखम दाखवतोय. पायाशी एक कुत्रा, त्याच्या तोंडात पाव. घरी येऊन मी सवयीने चित्र उलटं केलं. एका कोपऱ्यात ओळखीच्या नसलेल्या शिक्क्याचा पुसट डाग होता. आणि खाली पेन्सिलीने, छापल्यासारख्या सुबक देवनागरी अक्षरांत लिहिलं होतं: खोपोली.

मी चष्मा पुसून परत वाचलं.

जिथे मी रोज नोकरीला जात होते ते गाव. कर्जतहून निघालं की पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली, तिथे रूळच संपतात. मी त्या गाडीतून वर्षानुवर्षं येत-जात होते, आणि त्याच गावात कोणीतरी ही चित्रं जवळ बाळगून होतं. समोरच्या बाकावर तो माणूस कधी बसलाही असेल. मला एवढी घाई कधी झाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी फोर्टला गेले. दुकानदार म्हणाला, “ते होय? खोपोलीच्या शीळ फाट्याजवळच्या भंगारवाल्याकडून आलंय. एक गठ्ठा होता. अजून थोडी आहेत माझ्याकडे.” मी ती सगळी घेतली. प्रत्येकाच्या पाठीवर तोच शब्द होता.

खोपोलीला जाऊन भंगारवाल्याला गाठलं. त्याला आठवत होतं. “बाजारपेठेच्या मागं एक म्हातारी हाय, तिच्याकडची पेटी. नवरा गेला न् तिनं घर साफ केलं. बाई, काय भानगड नाय ना?”

“काही नाही,” मी म्हटलं. “मला फक्त भेटायचंय.”

म्हणजे तो गेला होता. रिक्षात बसल्यावर मला ते नीट कळलं. ज्याला मी काल-परवापर्यंत ओळखतही नव्हते, त्याचं घर बघायला मी निघाले होते.

दार एका बुटक्या, ताठ बाईंनी उघडलं. केस पांढरेशुभ्र, पदर खोचलेला.

“कुनाकडं आलाव?”

“तुम्ही काही जुनी चित्रं दिली होती का भंगारात? परदेशी, साधुसंतांची?”

“ते बाबालोक?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दिली. का, चोरीची निगाली का काय?”

“नाही हो. मी तसलीच चित्रं जमवते.”

“अगं बया,” त्या म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.

घर लहान, स्वच्छ. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. चष्मा, पातळ ओठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. खोपोलीतल्याच एका कारखान्यात ते मशिनींचे नकाशे काढायचे; चित्रांच्या पाठीवरची ती सुबक अक्षरं त्यांचीच. एकदा मशिनी बसवायला एक जर्मन साहेब आला. त्याचं आणि ह्यांचं फार जमलं आणि जाताना त्याने एक चित्र ह्यांना दिलं. “तिथनं हा रोग लागला,” बाई म्हणाल्या. “मंग सुट्टी आली का मुंबई. फूटपाथवरनं, दुकानांतनं काय काय शोधून आनायचे. घरी आले का आतल्या खोलीत. भिंग घेऊन बसले का बसले. पोरं दारावर थापा मारायची, आवाज नाय. मी जेवायला हाका मारायची, आवाज नाय. चाळीस वर्सं मी त्या बाबालोकांशी सवतीवानी राहिले.”

मला त्यांच्याबद्दल आणखी विचारायचं होतं. कुठल्या दुकानातून आणली, शिक्के शोधायचे का, कोणाशी बोलायचे का. बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगायची इच्छाही दिसत नव्हती. त्यांनी उलट मलाच विचारलं, “तुमच्या घरी कोन कोन हाय?”

“मी एकटीच.”

“मंग बरं हाय,” त्या म्हणाल्या. “कुनाचं नुकसान नाय.”

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. खरंच दिलासा दिल्यासारखं म्हटलं होतं. परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या शेजारी बसून आलं.

निघताना मात्र त्या म्हणाल्या होत्या, “पुढल्या रविवारी येनार असाल तर कडावचे कडवे वाल आना. माजं म्हायेर कडावचं. इथल्या बाजारात मिळत्यात, पन ती चव नाय.”

मी येणार की नाही हे मी सांगितलंच नव्हतं. पण कडाव आमच्या कर्जतजवळच. रविवारी वाल घेऊन गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. त्या वाल भिजवून मोड आणून ठेवायच्या आणि मी गेले की आम्ही दोघी परातीभोवती बसून ते सोलायचो. त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या. मी त्यांना काकू म्हणत होते, तर म्हणाल्या, “काकू कशाला, ह्यांच्या नात्यानं? मावशी म्हन.” त्या कडावच्या भातखाचरांबद्दल बोलायच्या, वापीला असलेल्या मुलाबद्दल, खालच्या मजल्यावरच्या बाईच्या मिक्सरच्या आवाजाबद्दल. मी ऐकायचे. घरी आले की माझा आवाज मोकळा झालेला असायचा. दर वेळी मी पिशवीत चित्रांची फाइल नेत होते, आणि दर वेळी ती न उघडता परत आणत होते.

एका रविवारी त्यांनीच पिशवीकडे बोट दाखवलं. “रोज वागवतेस ते. दाखव तरी.”

मी हात पुसून फाइल उघडली. वरच कुत्र्यावालं चित्र होतं. मावशींनी ते हातात घेतलं नाही, नुसत्या पुढे वाकल्या.

“हा तर माज्या खोलीत होता.”

“म्हणजे?”

“मला टीबी झाली व्हती ना. पोरं लहान. त्यानला माज्या भावाकडं कडावला ठेवलं. शेजारीपाजारी कुनी जिन्यात पन थांबायचं नाय. आतल्या खोलीत मी एकटी पडून. हे भाईरच्या खोलीत झोपायचे. कारखान्यातनं आले का भात-वरन टाकायचे, ताट दाराशी ठेवायचे न् जायचे. बोलनं नाय. मी म्हटलं, घाबरलाय, आपल्याला पन लागंल म्हनून. न् वर हा उघड्या मांडीचा बाबा माज्या खाटेच्या समोर लावून ठेवला. डोळे उघडले का ह्याचं तोंड. मला एवढा राग यायचा! घरात दुसरीकडं जागा नवती का?”

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण इतके दिवस त्या चित्रांबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

“मावशी, हा कोण आहे माहीत आहे का?” मी म्हटलं. “प्लेगच्या साथीत हा रोग्यांची सेवा करत गावोगाव फिरायचा. शेवटी त्यालाच प्लेग झाला. ती जखम त्याचीच. लोकांच्यात राहायचं नाही म्हणून तो जंगलात जाऊन पडला, एकटाच. तिथे एक कुत्रा त्याला रोज भाकरी आणून द्यायचा. तो त्यातून बरा झाला. म्हणून तिकडचे लोक घरात मोठं आजारपण आलं की ह्याचं चित्र लावायचे. आजारी माणसाला दिसेल असं.”

मावशींचे हात वालांवर चालूच होते. साल निघत होतं, दाणा परातीत पडत होता. मग ते थांबले.

मला भीती वाटली. चित्रांच्या जुन्या मालकांबद्दल पुराव्यापलीकडे बोलायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. मी घाईघाईने म्हटलं, “अर्थात तसं असेलच असं नाही. तिथे खिळा असेल म्हणूनही लावलं असेल.”

“खिळा नवता,” मावशी म्हणाल्या. “खिळा ह्यांनी ठोकला. मला नुकती डुलकी लागली व्हती न् ह्यांनी ठोकाठोक लावली. म्हनून तर मी चिडले.”

खालचा मिक्सर चालू होऊन बंद झाला.

“मंग सांगायचं ना!” त्या एकदम ओरडल्या. फोटोकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. “तोंड नवतं का? दोन शब्द सांगायला काय झालं व्हतं? मी पडल्या पडल्या त्या बाबाला न् ह्यांना शिव्या घालत रायले. बरी झाले न् पयलं काम काय केलं, तर ते चित्र उतरवून ह्यांच्या टेबलावर आपटलं. तेवा पन बोलले नाय. उचलून पेटीत ठेवलं.”

त्या उठून आत गेल्या. मी वाल सोलून संपवले, सालं गोळा केली, परात झाकून ठेवली. आतून हाक येईना. दाराशी उभं राहून “येते मावशी” म्हटलं. मग मी निघाले.

पुढच्या रविवारी निघण्याआधी फोन केला, तर म्हणाल्या, “आज नगं येऊस.” त्याच्या पुढल्या रविवारीही तेच. मग मी फोन करायचा सोडला. तो काळ मला आई गेल्यानंतरच्या दिवसांपेक्षा वाईट गेला. तेव्हा घरात कोणी नव्हतं, एवढंच होतं. आता रविवार यायचा, आणि त्या दिवसाला कुठेतरी जायचं असतं हे शरीराला माहीत झालेलं होतं. मी साडी नेसून तयार व्हायचे आणि मग बदलून टाकायचे. चित्रंही काढावीशी वाटत नव्हती. कपाट उघडलं की त्या पातळ ओठांच्या माणसाचा विचार यायचा. खिळा ठोकताना त्याला काय वाटलं असेल? बायको विचारेल आणि मग आपण सांगू, असं वाटलं असेल का? की सांगणं झालं, असंच त्याला वाटलं?

मावशींचा फोन आला तो ऊन तापायला लागल्यावर. इकडचं-तिकडचं काही नाही. “तो बाबा घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “काचंत बसवून आन.”

कर्जतच्या फ्रेमवाल्याने चित्र बघून विचारलं, “मॅडम, हा कुठला देव?” मी म्हटलं, “देव नाही. एक आजारी माणूस आहे.” कागदाला काच टेकणार नाही अशी फ्रेम त्याच्याकडून करून घेतली आणि खोपोलीला गेले. मावशींनी खाटेसमोरची भिंत दाखवली. जुना खिळा केव्हाच निघाला होता आणि ते भोक रंगाखाली बुजलं होतं. नवा खिळा मी ठोकला. मावशी खाटेवर बसून बघत होत्या. “जरा डावीकडं,” एवढंच म्हणाल्या. चित्र लावून झाल्यावर त्यांनी मला जेवायला वाढलं. वालाचं बिरडं होतं. चित्राबद्दल त्या दिवशी आम्ही बोललो नाही, आणि नंतरही कधी बोललो नाही.

रविवार पुन्हा सुरू झाले. पण ते फार टिकले नाहीत. मावशींचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले आणि मुलाने त्यांना वापीला न्यायचं ठरवलं. सामान बांधताना मी मदतीला गेले होते. भांडी, कपडे, पंखा, सगळं टेंपोत चढलं. चित्र मावशींनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. “तुजं हाय,” त्या म्हणाल्या, “पन मी नेते.” मी म्हटलं, “ते तुमचंच आहे.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. वालांमुळे बोटं नेहमीच खरखरीत असायची त्यांची.

वापीहून सुरुवातीला त्या फोन करायच्या. तिथे मिक्सरचा आवाज येत नाही, शेजारी कोण आहे ते कळत नाही, असं सांगायच्या. मग फोन कमी झाले. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. मी मोठ्याने बोलले की त्या म्हणायच्या, “वरडू नको गं, समदं कळतंय,” आणि भलतंच उत्तर द्यायच्या. पुढे पुढे मी फोन केला की सून म्हणायची, झोपल्यात.

ह्या हिवाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांचा मुलगा होता. आवाज थकलेला. आई गेली, म्हणाला. सगळं उरकलं होतं. त्यांच्या फोनमधल्या नंबरांवर तो एकेकाला कळवत होता. मी काहीतरी बोलले, अशा वेळी बोलतात ते. मग त्याने विचारलं, “तिच्या खोलीत एक चित्र आहे, कुत्रा आहे त्यात. ते तुमचं आहे म्हणायची. पाठवू का?”

“नको,” मी म्हटलं. “तुमच्या वडिलांनी आणलेलं आहे ते. तुमच्याकडेच असू द्या. उन्हात नका लावू फक्त.”

“कशाचं आहे?”

मी त्याला सांगितलं. प्लेग, जंगल, भाकरी. तो कडावला मामाकडे होता त्या दिवसांतली ती खाट, तो खिळाही सांगितला. फोन कट झाला की काय म्हणून मी “हॅलो” म्हटलं.

“आहे, आहे,” तो म्हणाला. “एक विचारू का? तुम्ही आईच्या कोण?”

मी नातं शोधलं. मावशी म्हणत होते, पण भाची नव्हते. मैत्रीण म्हणावं तर त्या माझ्या आईच्या वयाच्या.

“आम्ही रविवारी भेटायचो,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला, आणि पुढच्या नंबरला फोन लावायचा असेल म्हणून त्याने ठेवला.